दोष माणसाचा की पद्धतीचा? डॉ. डेमिंग यांची जीवनकहाणी

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला जाणारी माणसे पुष्कळ आहेत. कायझेन, क्वालिटी सर्कल, प्रोसेस कंट्रोल हे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येतात. त्यांची पुढची पिढी सुपर कॉरिडॉरवरच्या नाहीतर पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत बिझनेस ॲनालिस्ट म्हणून लागते. हे नेमके काय काम असते, असे आजीने विचारले की नातवंडे जरा अडखळतात. सोपे करून सांगायचे तर एखादे काम पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत कसे जाते ते पाहायचे, ते कुठे अडते, कुठे दोनदा होते, कुठे बिघडते हे मोजायचे आणि मग कामाची पद्धत सुधारायची. आज हे शिकवणारे वर्ग शहरोशहरी आहेत आणि हेच सांगणाऱ्या सल्लागार कंपन्या मोठे शुल्क घेतात.

ही विद्या एका माणसाची नाही. पण ज्यांनी ती आयुष्यभर शिकवली आणि तिच्यातले माणुसकीचे सूत्र कधी सोडले नाही, अशा मोजक्या लोकांत डॉ. विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांचे नाव फार वरचे आहे. त्यांना जाऊन आता ३० वर्षांहून अधिक काळ लोटला. मी स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत शिरलेला साधा माणूस आहे. गुणवत्ता नियंत्रणाच्या धड्यात त्यांचे नाव एका ओळीत वाचले होते, परीक्षेपुरते. पुढे नोकरीत फायलींचा प्रवास रोज डोळ्यांसमोर पाहिला, तेव्हा या गृहस्थांनी काय सांगितले होते ते खरे समजू लागले.

डेमिंग यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात सू सिटी येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे वायोमिंगला गेले. तिथे सरकार ओसाड जमिनी वसाहतीसाठी देत होते. पॉवेल नावाच्या नव्याने वसणाऱ्या गावाजवळ वडिलांना ४० एकर जमीन मिळाली, पण ती फारशी पिकणारी नव्हती. डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपटात या कुटुंबाने काही वर्षे काढली. थंडी कडाक्याची, पैसा कमी. आई पियानो शिकवून संसाराला हातभार लावी. मुलगा हॉटेलात लाकडे फोडून देई, गावातले दिवे लावी. या दिवसांनी त्यांना दोन सवयी लावल्या, त्या जन्मभर टिकल्या. एक काटकसर आणि दुसरी वाया जाणाऱ्या वस्तूबद्दलची हळहळ. पुढे कारखान्यात भंगाराचा ढीग दिसला की त्यांना त्यात लोखंड कमी आणि माणसांचे फुकट गेलेले श्रम जास्त दिसत.

१९१७ साली ते लॅरामीला वायोमिंग विद्यापीठात दाखल झाले. झाडलोट, बर्फ उपसणे अशी मिळतील ती कामे करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला आणि १९२१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले व १९२८ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

येलमध्ये असताना उन्हाळी सुट्टीत त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनचे साहित्य बनवी. तिथे सुमारे ४० हजार माणसे कामाला होती. माल तयार व्हायचा, शेवटी तपासनिसांची फौज तो तपासायची आणि वाईट निघालेला माल बाजूला काढायची. कामगारांना नगावर पैसे मिळत. जितके नग, तितकी कमाई. तरुण डेमिंग यांच्या मनात तिथे एक प्रश्न रुतला. माल बिघडल्यावर तो शोधून काढण्यावर एवढा खर्च होतो, मग तो मुळात बिघडतोच का?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस त्यांना १९२७ नंतर भेटला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला लागले होते. तिथल्या वरिष्ठांनी त्यांची ओळख बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील डॉ. वॉल्टर शूहार्ट यांच्याशी करून दिली. शूहार्ट यांनी १९२४ साली एका छोट्याशा टिपणात एक आलेख मांडला होता. त्याला आज कंट्रोल चार्ट, म्हणजे नियंत्रण आलेख म्हणतात. डेमिंग यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच असल्यामुळे तो थोडा समजून घेतला पाहिजे.

समजा, तुम्हाला घरून ऑफिसला जायला साधारण २० मिनिटे लागतात. एखाद्या दिवशी १८ लागतात, एखाद्या दिवशी २३. कधी सिग्नल लागतो, कधी पुढे रिक्षा आडवी येते. हा फरक रोजचा आहे, रस्त्याच्या स्वभावातच आहे. पण अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी मिलच्या झांक्या निघाल्या आणि तुम्ही त्या गर्दीत सापडलात, तर दीड तास लागेल. हा फरक वेगळ्या जातीचा. त्याचे कारण बोट ठेवून दाखवता येते. शूहार्ट यांनी हे दोन प्रकारचे फरक गणिताने वेगळे करून दाखवले. रोजच्या नोंदींवरून आलेखावर वरची आणि खालची अशा दोन रेषा काढायच्या. मोजमाप या दोन रेषांच्या आत असेल, तर तो पद्धतीचा स्वभाव. बाहेर गेले, तर काहीतरी खास घडले आहे, ते शोधा.

दिसायला साधी वाटणारी ही गोष्ट व्यवहारात फार मोठी आहे. आपण नेमके उलटे करतो. २० ऐवजी २३ मिनिटे लागली की माणसाला जाब विचारतो आणि १८ लागली की शाबासकी देतो. खरे तर दोन्हींत त्याचा फारसा हात नसतो. सरासरीच १५ मिनिटांवर आणायची असेल, तर ओरडून काही होत नाही. रस्ता बदलावा लागतो आणि रस्ता बदलण्याचा अधिकार बहुधा गाडी चालवणाऱ्याकडे नसतो, वर बसलेल्यांकडे असतो. डेमिंग यांनी पुढची ६० वर्षे हीच एक गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली.

घरच्या आघाडीवर मात्र ते दिवस कठीण होते. १९२२ साली त्यांचे अ‍ॅग्नेस बेल यांच्याशी लग्न झाले होते. डोरोथी नावाची मुलगी त्यांनी दत्तक घेतली होती. १९३० मध्ये अ‍ॅग्नेस वारल्या. दोन वर्षांनी त्यांनी लोला शूप या गणितज्ञ सहकारी स्त्रीशी विवाह केला. पुढची ५० वर्षांहून अधिक काळ लोला यांची त्यांना साथ होती. त्यांना डायना आणि लिंडा या दोन मुली झाल्या.

१९३६ मध्ये डेमिंग लंडनला जाऊन विख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडे शिकले. परत आल्यावर त्यांनी शूहार्ट यांची व्याख्याने वॉशिंग्टनला कृषी खात्याच्या शिक्षण विभागात ठेवली आणि ती संपादित करून १९३९ साली पुस्तकरूपाने आणली. शूहार्ट यांचे लिखाण अवघड. ते चार लोकांना कळेल असे करून सांगण्याचे काम डेमिंग यांनी पत्करले. दुसऱ्याची विद्या निष्ठेने पसरवणारा असा शिष्य विरळाच. प्रसिद्धीच्या शिखरावर असतानाही ते श्रेय शूहार्ट यांनाच देत.

याच सुमारास ते अमेरिकेच्या जनगणना खात्यात आले आणि आम्हा सरकारी नोकरांना जवळचा वाटावा असा प्रयोग तिथे झाला. १९४० च्या जनगणनेत काही माहिती सगळ्यांकडून न घेता नमुना पद्धतीने घेतली गेली. त्या देशाच्या जनगणनेत हे प्रथमच होत होते. शिवाय गोळा झालेली माहिती कार्डांवर छिद्रे पाडून नोंदवणारे शेकडो कारकून होते. प्रत्येकाचे प्रत्येक कार्ड दुसऱ्याने तपासायचे, असा रिवाज होता. डेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाच्या चुकांचे प्रमाण आलेखावर मांडले. ज्याचे काम स्थिर आणि चांगले आहे, त्याची सगळी कार्डे तपासण्याऐवजी थोडीच नमुन्यादाखल तपासायची. जो नवा आहे किंवा अडखळतो आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचे, त्याला शिकवायचे. त्यामुळे तपासणीचा खर्च उतरला आणि वेळ वाचला. कारखान्यातील यंत्रासाठी निघालेली पद्धत कचेरीतल्या कागदालाही लागू पडते, हे यातून दिसले. आज बँका, विमा कंपन्या, इस्पितळे यांच्या कामाचे जे विश्लेषण होते, त्याचे बीज अशा प्रयोगांत आहे.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून ॲलन वॉलिस यांनी डेमिंग यांना पत्र लिहून विचारले, की युद्धकार्यात संख्याशास्त्राचा काय उपयोग करता येईल. डेमिंग यांनी उत्तरादाखल एक प्रशिक्षणाचा आराखडाच पाठवला. अभियंते आणि तपासनीस यांना आठ-दहा दिवसांत शूहार्ट यांची पद्धत शिकवायची, अवघड गणितात न शिरता. हे वर्ग अमेरिकाभर झाले. सुमारे ३० हजार लोक शिकून बाहेर पडले आणि युद्धसामग्रीचे नुकसान पुष्कळ कमी झाले. प्रशिक्षणाच्या इतिहासात हे मोठेच यश म्हणायला हवे.

पण युद्ध संपले आणि काही वर्षांत हे आलेख भिंतींवरून उतरले. जगातले इतर कारखाने बेचिराख झालेले, मागणी अफाट, अमेरिकेत जे बनेल ते खपत होते. मग गुणवत्तेची चिंता कोण करतो? डेमिंग यांना ही गोष्ट फार लागली. आपले कुठे चुकले याचा त्यांनी विचार केला. आपण अभियंत्यांना शिकवले, पण मालकांना आणि संचालकांना शिकवलेच नाही. खालचा माणूस शिकला तरी वरच्याला त्याचे मोल कळत नसेल, तर शिक्षण वाऱ्यावर जाते. नोकरीतले कोणतेही प्रशिक्षण शिबिर करून परत आलेल्या माणसाला यातली सत्यता वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

१९४६ मध्ये जनगणना खाते सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवू लागले. त्यानंतर लवकरच कामानिमित्त ते आपल्या देशातही आले होते. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा परिचय होता. बंगालमधील पिकांच्या पाहणीत महालनोबिस यांनी नमुना पद्धतीचे जे काम केले, त्याचा डेमिंग यांना आदर होता. शूहार्ट हेही १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. पुढे याच संस्थेने मुंबई, पुणे, हैदराबाद अशा शहरांत गुणवत्ता नियंत्रणाचे विभाग चालवले आणि कित्येक भारतीय अभियंते तिथे घडले. बी आपल्याकडेही पडले होते. फरक पडला तो जमिनीच्या मशागतीत.

ती मशागत जपानने केली. १९४७ मध्ये डेमिंग जपानला गेले ते जनगणनेच्या तयारीत मदत करायला. शहरे जळालेली, लोक अर्धपोटी. विजेत्या देशाच्या पाहुण्याने छावणीत राहावे आणि परत जावे, अशी तेव्हाची रीत. डेमिंग मात्र रस्त्यांवरून हिंडले, जपानी संख्याशास्त्रज्ञांशी त्यांनी मैत्री केली. जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघाने त्यांना १९५० च्या उन्हाळ्यात व्याख्यानांसाठी बोलावले. जपानी मालाचे नाव तेव्हा जगात वाईट होते. स्वस्त आणि टिकाऊ नसलेली वस्तू म्हणजे जपानी, असा समज होता.

जुलैमध्ये तोक्योला आठ दिवसांचा वर्ग सुरू झाला. अभियंत्यांनी सभागृह भरले. पण डेमिंग यांच्या मनात युद्धकाळातला धडा ताजा होता. पुन्हा तीच चूक नको, म्हणून त्यांनी मोठ्या उद्योगांच्या प्रमुखांना भेटायचा आग्रह धरला. संघाचे अध्यक्ष इचिरो इशिकावा हे उद्योगजगतातले वजनदार गृहस्थ. त्यांनी देशातल्या २१ उद्योगप्रमुखांना जेवणाला बोलावले. पुढे हाकोने येथेही प्रमुखांसाठी असाच वर्ग झाला.

त्या उद्योगपतींसमोर डेमिंग यांनी फळ्यावर एक चित्र काढले. एका टोकाला कच्चा माल पुरवणारे, मग माल स्वीकारणे, निरनिराळ्या टप्प्यांवरचे उत्पादन, जुळणी, तपासणी, वितरण आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक. ग्राहकाकडून बाण परत फिरून आरेखनाकडे येतो. म्हणजे कारखाना ही खात्यांची उतरंड नसून एक वाहता प्रवाह आहे आणि ग्राहक हा त्या प्रवाहाचाच भाग आहे. आजचा बिझनेस ॲनालिस्ट कामाला बसला की सर्वप्रथम जे प्रवाहचित्र काढतो, ते याच कुळातले. तुम्ही हे मनापासून केलेत, तर पाच वर्षांत जगाच्या बाजारात तुमच्या मालाला मान मिळेल, असा विश्वास त्यांनी त्या लोकांना दिला. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तो खरा वाटला असेल कोण जाणे. पण त्यांनी काम सुरू केले.

त्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. त्याचे मानधन डेमिंग यांनी घेतले नाही, संघालाच देऊन टाकले. त्या पैशातून संघाने १९५१ साली डेमिंग पारितोषिक सुरू केले. कोणाही परदेशी माणसाला जपानने दिलेला हा विलक्षण मान. निस्सान, टोयोटा या कंपन्यांनी १९६० च्या दशकात हे पारितोषिक मिळवले. १९६० मध्ये जपानच्या सम्राटांच्या वतीने डेमिंग यांना पवित्र रत्न सन्मानाने गौरवण्यात आले. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जपानचा उदय एकट्या डेमिंग यांच्यामुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जोसेफ जुरान यांची शिकवण, काओरू इशिकावा यांची क्वालिटी सर्कलची चळवळ आणि हजारो जपानी पर्यवेक्षकांचे रोजचे कष्ट त्यामागे आहेत. डेमिंग यांनी वाट दाखवली, चालले ते जपानी लोक.

घरच्या देशात मात्र त्यांना फार थोडे लोक ओळखत होते. वॉशिंग्टनमधल्या साध्या घराच्या तळघरात त्यांचे कार्यालय होते. तिथे बसून ते मालवाहतूक कंपन्या, रेल्वे, इस्पितळे यांना सल्ला देत, न्यूयॉर्कला जाऊन शिकवत. अशी ३० वर्षे गेली. तोवर जपानी मोटारी आणि टीव्ही संच अमेरिकेच्या घराघरांत पोचले. अमेरिकन कारखाने बंद पडू लागले. २४ जून १९८० रोजी एनबीसी वाहिनीने एक कार्यक्रम दाखवला. जपानला जे जमते ते आपल्याला का जमत नाही, हा त्याचा विषय होता. त्यात ७९ वर्षांचे डेमिंग दिसले. दुसऱ्या दिवसापासून त्या तळघरातला फोन थांबेना.

ज्या वयात माणसे देवदर्शनाला निघतात, त्या वयात या गृहस्थांचे खरे काम सुरू झाले. फोर्ड कंपनी तेव्हा प्रचंड तोट्यात होती. तिने १९८१ मध्ये त्यांना बोलावले. मोटारीचा दर्जा कसा सुधारावा हे ते सांगतील, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. डेमिंग यांनी अधिकाऱ्यांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमचा हेतू काय, तुम्ही निर्णय कसे घेता, माणसांना कसे वागवता? पुष्कळांना राग आला. पण कंपनीचे अध्यक्ष डोनाल्ड पीटरसन ऐकत राहिले. काही वर्षांतच फोर्डची टॉरस ही मोटार लोकप्रिय झाली आणि १९८६ मध्ये नफ्यात फोर्डने जनरल मोटर्सला मागे टाकले. १९२० च्या दशकानंतर हे प्रथमच घडत होते.

त्यांची चार दिवसांची शिबिरे त्या काळात गाजली. त्यातला लाल मण्यांचा खेळ सांगितल्याशिवाय त्यांची ओळख पुरी होत नाही. एका पेटीत ४ हजार मणी, त्यांतले ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांमधून सहा जण कामगार म्हणून निवडायचे. ५० खळग्यांची एक फळी पेटीत बुडवून मणी काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. डेमिंग स्वतः मुकादम होत. कोणाला ७ लाल निघाले की त्याचे कौतुक, कोणाला १४ निघाले की त्याची कानउघाडणी. भिंतीवर घोषणा लावायच्या, बक्षिसे द्यायची, धमक्या द्यायच्या. काल कौतुक झालेल्याला आज जास्त लाल निघाले की तो बिघडला म्हणायचे. शेवटी वाईट तिघांना काढून टाकायचे आणि चांगल्या तिघांकडून दुप्पट काम करून घ्यायचे. तरीही लाल मणी तेवढेच निघत. निघणारच, कारण पेटीतच दर पाचांत एक लाल आहे. लोक हसून हसून बेजार होत आणि मग एकदम गप्प होत. आपल्या कचेरीत आपण वर्षानुवर्षे हेच करतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात येई.

काम बिघडण्याची शंभरातली ९४ कारणे पद्धतीत असतात आणि जेमतेम सहा माणसात, असा त्यांचा उत्तरायुष्यातला अंदाज होता. आकड्याबद्दल वाद घालता येईल, मतितार्थाबद्दल घालणे कठीण. एका कचेरीत मी पाहिलेली गोष्ट सांगतो. दाखले उशिरा मिळतात म्हणून लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा खिडकीवर बसणाऱ्या बाबूला कारणे दाखवा नोटीस निघाली. तो बदलला, दुसरा आला. उशीर तसाच. कारण अर्ज सात टेबलांवरून फिरत होता आणि त्यांतल्या तीन टेबलांवर एकच नोंद पुन्हा पुन्हा होत होती. ही सात टेबले कोणी मोजलीच नव्हती. नोटीस लिहायला दहा मिनिटे लागतात, टेबले मोजायला आठवडा लागतो. म्हणून आपण नोटीस लिहितो.

डेमिंग यांनी आपले सगळे विचार १४ सूत्रांत गोळा केले. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या पुस्तकांतून ती जगभर पोचली. सगळी इथे देत नाही, पण काही आपल्या रोजच्या जगण्याला भिडतात. शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, गुणवत्ता आधीपासून घडवा. केवळ सर्वांत कमी भाव पाहून खरेदी करू नका. निविदा उघडताना बसलेल्या कोणालाही यातली मेख कळेल. माणसांच्या मनातली भीती घालवा, कारण घाबरलेला माणूस खरा आकडा सांगत नाही. खात्याखात्यांतल्या भिंती पाडा. नुसत्या घोषणा आणि उद्दिष्टे देऊ नका, ती गाठायची पद्धत द्या. प्रत्येकाला शिकत राहू द्या. आणि कामाचा अभिमान वाटण्याचा माणसाचा हक्क हिरावून घेऊ नका.

यातली सगळी सूत्रे जगाने मानली नाहीत. कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत त्यांना घातक वाटे, पण ती आजही बहुतेक ठिकाणी चालू आहे. त्यांचा स्वभावही कडक होता. आळशी प्रश्न विचारणाऱ्या संचालकाला ते भर सभेत गप्प करत. झटपट उपाय मागणाऱ्या कंपनीच्या वाटेला ते जात नसत. वरचा माणूस स्वतः शिकायला बसणार असेल तरच काम हाती घ्यायचे, असा त्यांचा बाणा होता. कामगाराशी मात्र ते हळुवारपणे बोलत. यंत्राजवळ उभे राहून, त्याच्या कामात काय अडचण येते हे विचारत. त्या कामाची खरी माहिती त्यालाच असते, यावर त्यांचा विश्वास होता.

त्यांचे खासगी जीवन साधे होते. संगीताचा नाद होता. चर्चसाठी त्यांनी काही रचनाही केल्या होत्या. १९८६ मध्ये लोला वारल्या. १९८७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिले. शरीर थकले, चाकाची खुर्ची आली, तरी मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत त्यांची शिबिरे चालू होती. २० डिसेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमधील राहत्या घरी त्यांनी देह ठेवला. वय ९३ वर्षे.

त्यांच्या नावाचे पारितोषिक पुढे भारतातही आले. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीला ते मिळाले, भारतीय कंपनीला मिळालेले ते पहिले. २००३ मध्ये महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाने ते मिळवले. जगातल्या कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीला तोवर ते मिळाले नव्हते. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांत बनलेले ते ट्रॅक्टर आपल्या माळव्याच्या काळ्या मातीतही चालतात. त्या यशात कित्येक मराठी हातांचा वाटा आहे, याचा आनंद आपल्याला व्हायला हरकत नाही.

आज आपली मुले बिझनेस ॲनालिसिसचे प्रमाणपत्र घेतात, संगणकावर सुरेख प्रवाहचित्रे काढतात. ती जरूर काढावीत. पण चित्र काढून झाल्यावर, यात चुकले कोण, असा प्रश्न साहेबांनी विचारला, तर एखाद्या नावाकडे बोट दाखवण्याआधी त्यांनी लाल मणी आठवावेत. बोट दाखवणे सोपे असते आणि त्याने कोणाची तरी नोकरी जाते, कोणाची तरी झोप उडते. पेटी मात्र तशीच राहते.

ही शिकवण कंपनीपुरती नाही. महाप्रसादाला पंगत उशिरा उठली म्हणून वाढणाऱ्या पोरांवर आपण चिडतो. पानांपासून भांडारघर लांब आहे आणि वाढप्यांना एकाच दारातून ये-जा करावी लागते, हे कोणी पाहत नाही. मुलाला गणितात गुण कमी पडले की त्याला बोलतो, त्याच्या अभ्यासाची वेळ, जागा, पद्धत कधी विचारत नाही. यंदाच्या उत्सवानंतर कार्यकारिणीची आढाव्याची बैठक होईल. तिथे काय-काय बिघडले याची यादी निघेलच. त्या यादीत माणसांच्या नावांआधी कामांचे टप्पे लिहिले गेले, तर डेमिंग यांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल, आणि पुढच्या वर्षी पंगतही वेळेवर उठेल.